ग्रंथालय कर्मचाऱ्यांची एक मागणी आमदारांपर्यंत नेताना: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी २०२४ ते जुलै २०२५

मी मुंबईत परळ भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, ब वर्ग, आम्ही तिघं कर्मचारी. राहते बदलापूरला. खालच्या नोंदी मी एका जुन्या देवघेव रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर केल्या होत्या, त्या इथे जरा नीट करून टाकतेय. लॅब टेक्निशियन, बालवाडीच्या बाई, अशा दुसऱ्या कुठल्या पेशातले लोक असलंच काही करायला निघाले असतील तर आमच्या चुका तरी परत करू नका.

मागणी काय ते आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली, अ ब क ड असे वर्ग. सरकार वर्षाचं अनुदान देतं, त्यातलं अर्धं पगाराला आणि अर्धं पुस्तकं, पेपर, भाडं, लाइट बिल याला. ड वर्गाला आधी वर्षाला ३० हजार मिळायचे, २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली तेव्हा ४८ हजार झाले. आता अर्धे करा, बारा महिन्यांनी भागा. २ हजार रुपये महिना. हो, हा तेव्हाचा ग्रंथपालाचा पगार. आम्हाला एवढंच पाहिजे होतं की पगाराचा भाग अनुदानातून वेगळा काढा, थेट कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात टाका आणि महागाईशी जोडा.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

पहिली मीटिंग. व्हॉट्सॲप ग्रुपवर ८३ जण, शहर आणि उपनगर मिळून ४७ वाचनालयातले. ५० जणांनी अंगठ्याचा इमोजी टाकून येतो म्हटलं. आले ९. मी रविवार ठेवला कारण सगळ्यांना सुट्टी असेल असं वाटलं, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी लोकल बंद, हे मला, जी १४ वर्षं रोज लोकलने येते तिला, आठवलं नाही. अर्धी मंडळी ठाण्याच्या पलीकडून येणारी. बऱ्याच वाचनालयांना सोमवारची सुट्टी असते, शिवाय रविवारी वाचनालय चालू असतं. दोन्ही बाजूंनी चुकीचा वार.

खर्च: हॉल फुकट (आमचंच वाचनालय, दुपारी बंद असताना), चहा-बिस्किट ३१० रुपये. ५० लोकांचा चहा सांगितला होता.

ठरलं काय, तर निवेदन लिहायचं. कोणाला द्यायचं यावर पाऊण तास गेला, मग सगळ्यांना पाठवू असं ठरलं. सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही, हे कळायला मला पुढचे पाच महिने लागले.

४ मार्च

निवेदन तयार, साडेतीन पानं. कायद्याचा इतिहास, वाचनसंस्कृती, शेजारच्या राज्यांत काय आहे, संत, समाजसुधारक, सगळं आलं त्यात. मागण्या ११. गूगल फॉर्मवर पाठिंबा मागितला, १४ जणांनी भरला, त्यात दोघांनी दोनदा.

एकेकाला फोन करून विचारलं की का नाही भरला. उत्तर जवळपास एकच, "कार्यवाहांना कळलं तर?" ही गोष्ट मी धरलीच नव्हती. आमचा पगार सरकारच्या अनुदानातून येतो पण नेमणूक करतं वाचनालयाचं कार्यकारी मंडळ, कार्यवाह त्या मंडळाचेच. मंडळातल्या लोकांची भागातल्या राजकारण्यांशी ऊठबस असते. कर्मचाऱ्याने आमदाराकडे पत्र दिलं की ते संध्याकाळी मंडळाला कळतंच.

१६ मार्च

लोकसभेची आचारसंहिता लागली. आमदारांच्या ऑफिसात फोन केले तर सगळीकडे "निवडणूक झाल्यावर या". मुंबईचं मतदान २० मेला. म्हणजे दोन-अडीच महिने बाहेरचं काम बंद. कॅलेंडर आधी बघायला पाहिजे होतं, आणि हे मी या रजिस्टरात अजून एकदा लिहिणार आहे.

एप्रिल-मे

या काळात बसून एक्सेल शीट केली. वाचनालयाचं नाव, पत्ता, वर्ग, कर्मचारी किती, मतदारसंघ कुठला. मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ, शहरात १० आणि उपनगरात २६. आमची ४७ वाचनालयं त्यातल्या २२ मध्ये निघाली. हे काम सोपं वाटतं पण नाहीये. रस्त्याच्या या बाजूला एक आमदार, पलीकडे दुसरा. तीन वाचनालयं चुकीच्या मतदारसंघात टाकली होती, ती माहीमच्या ताईंनी पकडली. शेवटी आम्ही वाचनालयाच्या शेजारी राहणाऱ्या एखाद्या वाचकाचं मतदार ओळखपत्र बघून खात्री करायला लागलो.

शीटमध्ये एक रकाना राहिला. तो पुढे येईलच.

याच काळात आमच्या कार्यवाहांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही आमच्याविरुद्ध मोर्चा काढताय म्हणे." मी त्यांना आकडे मांडून दाखवले. पगार अनुदानातून वेगळा निघाला तर मंडळाची कटकटच कमी होते, कर्मचारी दर महिन्याला तुमच्या तोंडाकडे बघणार नाही. फक्त दुसरा अर्धा भाग, पुस्तकं-भाड्याचा, तो कमी होता कामा नये. ते म्हणाले हे वाक्य निवेदनात घाला, मग मी लेटरहेड देतो. घातलं. त्या एका वाक्यामुळे पुढे ४७ पैकी २९ मंडळांनी लेटरहेडवर पत्र दिलं. कर्मचाऱ्याने एकट्याने सही करायची गरजच संपली. फेब्रुवारीत आधी मंडळांशी बोललो असतो तर तीन महिने वाचले असते.

१० जून

आमच्याकडे सकाळी आठला पेपरच्या टेबलावर येणारे एक काका आहेत, मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून रिटायर झालेले. पेपरची लाकडी पट्टी दोन्ही हातांनी धरून पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत वाचतात, कोणाला मधलं पान काढू देत नाहीत, त्यावरून इतर काकांशी आठवड्यातून एकदा भांडण. त्यांना मी सहज म्हणून आमचं निवेदन दाखवलं.

त्यांनी खिशातून लाल पेन काढला. पहिलं पान वाचलंच नाही, दुसऱ्यावर गेले, मग तिसऱ्यावर, मग मला विचारलं, "विषय कुठाय?" विषय होता, पण तीन ओळींचा. मग खोडायला सुरुवात केली. "तळमळीने" गेलं, "उपेक्षित घटक" गेलं, "आपणांस विनम्र आवाहन" गेलं. साडेतीन पानांचं बरोबर पाऊण पान उरलं. ११ मागण्यांची १. मला खरं सांगायचं तर रागच आला, दोन रात्री जागून लिहिलं होतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. "बाई, तुम्ही लिहिलंय कायदा बदला. कायदा बदलायला विधेयक लागतं, दोन्ही सभागृहं लागतात. अनुदान कसं द्यायचं ते १९७० च्या नियमांत आहे, नियम विभाग बदलतो. आणि अनुदानाचे दर तर जीआरने बदलतात, २०२२ ला कायद्याला कोणी हात लावला होता का? तुम्ही कायदा बदला म्हटलं की खालचा माणूस लिहिणार, धोरणात्मक बाब, आणि फाईल बंद."

बाकी वर्षात शिकले नाही एवढं त्या दहा मिनिटांत कळलं. मागणी बदलून अशी केली: नियमात दुरुस्ती करून वेतन अनुदान हे स्वतंत्र शीर्ष, म्हणजे हिशोबातलं वेगळं खातं, करावं. आमदारांचं काम कायदा करणं नाही, आमच्यापुरतं त्यांचं काम मंत्र्यांना पत्र देणं आणि सभागृहात विचारणं.

२६ जून

आज मुंबई पदवीधर आणि मुंबई शिक्षक मतदारसंघाचं विधान परिषदेचं मतदान. दुपारी कुर्ल्याच्या दादाने ग्रुपवर टाकलं, आपण सगळे पदवीधर, बी.लिब. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी झालेले, आपल्यापैकी कोणी मत दिलं का? ८३ मध्ये दोघांनी. बाकीच्यांना माहीतच नाही की त्या यादीत वेगळं नाव घालावं लागतं, नमुना १८ भरून, पदवी होऊन तीन वर्षं झालेली पाहिजेत, आणि प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने होते. जे ठाणे-पालघरकडे राहतात त्यांचा तर मतदारसंघच कोकण पदवीधर.

पदवीधरांचा स्वतःचा आमदार असतो आणि पुस्तकात बसलेल्या माणसांना ते माहीत नाही. हसावं की काय.

२ ते १२ जुलै

पावसाळी अधिवेशन मुंबईतच, २७ जून ते १२ जुलै. आम्हाला वाटलं अधिवेशनात आमदार मुंबईत सापडतील म्हणजे हीच वेळ. चूक. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, ती मुदत केव्हाच गेलेली. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायची सूचना, अधिवेशन चालू असताना देता येते पण ढिगाने येतात, लागेल याचा भरवसा नाही. अधिवेशनात आमदार सभागृहात असतो, ऑफिसात फक्त पीए. भेटायचं तर अधिवेशनाच्या दोन महिने आधी, हे आता शीटच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

तरी सात ऑफिसांत गेलो. सगळीकडे तेच दृश्य, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात शाळेच्या ॲडमिशनचं पत्र नाहीतर हॉस्पिटलचं बिल घेऊन बसलेली माणसं, भिंतीवर गणपतीचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर. सातपैकी पाच ठिकाणी पहिलं वाक्य हेच आलं, "पुस्तकं पाहिजेत का? निधीतून देऊ. कपाट देऊ का?" माणसं वाईट नाहीत, त्यांना रोज जे मागतात तेच ते देतात. एका वाचनालयाने कपाट घेतलं, फोटो काढला, त्यानंतर त्यांचे कर्मचारी ग्रुपवर गप्प झाले. त्यांना दोष देत नाही. पण त्यानंतर आम्ही नियम केला की मागणीचं पत्र हातात पडेपर्यंत वस्तू घ्यायची नाही.

सहाव्या ऑफिसात मात्र पीएने पत्र नीट वाचलं. तरुण मुलगा, डबा खात होता, पत्राला तेल लागू नये म्हणून करंगळीने पान उलटत होता. वाचून झाल्यावर विचारलं, "ताई, बरोबर आहे तुमचं. तुमचं मत कुठे?" मी म्हटलं बदलापूर. "आणि यांचं?" विरार. "यांचं?" दिवा. तो हसला नाही, उद्धट बोलला नाही, पत्र उजव्या हाताच्या ढिगावरून डाव्या हाताच्या ढिगावर ठेवलं. बस्स.

शीटमधला राहिलेला रकाना तो हाच. त्या रात्री ग्रुपवर विचारलं, कोणाचं मत कुठे. ८३ पैकी १९ जणांचं मत वाचनालयाच्याच मतदारसंघात. बाकी सगळे अंबरनाथ, वसई, पनवेल, कल्याण. ज्यांना हा पगार मिळतो ते मुंबईत राहूच शकत नाहीत, त्यामुळे मुंबईच्या आमदाराला ते मतदार नाहीत. मागणीचं कारण आणि मागणी न ऐकली जाण्याचं कारण एकच.

(जाता जाता. २८ जूनच्या बजेटमध्ये लाडकी बहीण जाहीर झाली, १५०० रुपये. घाटकोपरच्या आमच्या एक ताई ड वर्गात आहेत, त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आता माझे दोन पगार झाले, जवळपास सारखेच.)

१२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस. दरवर्षी फोटोला हार आणि समोसा. या वर्षी वेगळं केलं. कर्मचाऱ्यांचं मत इथे नाही पण वाचकांचं आहे ना! प्रत्येक वाचनालयात देवघेव टेबलावर पत्राचा गठ्ठा ठेवला, वाचकाने आपलं नाव, पत्ता, सही करायची आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची की मी या वाचनालयात किती वर्षं येतो.

टार्गेट ५००. आली २१२.

मुख्य घोळ असा झाला की पत्रात २०२२ च्या जीआरचा क्रमांक मीच चुकीचा टाइप केला होता. काकांनी पकडला, पण तोवर १२०० झेरॉक्स काढून झालेल्या, दीड रुपयाने १८०० रुपये पाण्यात. व्हाइटनर लावून दुरुस्त करू असं कोणीतरी म्हणालं, काकांनी नुसतं बघितलं. परत काढल्या, या वेळी ३०० च. त्यात चार दिवस गेले आणि १२ तारखेचं जे वातावरण असतं ते ओसरलं. जीआर सरकारच्या साइटवर फुकट डाउनलोड होतो, तो उघडून क्रमांक कॉपी करायला दोन मिनिटं लागली असती. मी आठवणीतून टाइप केला.

पण ती हाताने लिहिलेली ओळ कामाला आली. एका आजींनी लिहिलं होतं, "गिरणी बंद झाल्यावर आमचे मालक घरी बसून भांडत असत, मी त्यांना रोज दुपारी इथे पाठवत असे." आमच्या ताई ते पत्र गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायच्या. पीए सुद्धा वाचायचे.

सप्टेंबर

गणपती आटोपल्यावर परत ऑफिसं. या वेळी पद्धत अशी. तीन माणसं, त्यात दोन वाचक त्याच मतदारसंघातले आणि एक कर्मचारी. बोलणार वाचक. कर्मचारी फक्त आकडे विचारले तर सांगणार. सोबत मंडळाचं लेटरहेडवरचं पत्र, वाचकांची पत्रं, आणि एका कागदावर त्याच वाचनालयाचा हिशोब: अनुदान इतकं, पगार इतका, भागिले बारा. राज्याचे आकडे कोणी बघत नाही, आपल्या भागातल्या वाचनालयाचा आकडा बघून मात्र दोन आमदार खुर्चीत पुढे सरकले. एक तर म्हणाले, मी लहानपणी तिथे यायचो, आणि मग अर्धा तास त्यावरच बोलले.

सेवानिवृत्त वाचक हा खजिना आहे. वेळ असतो, बसतात, पीएने दोन तास थांबवलं तरी थांबतात. आम्ही कर्मचारी वाचनालय उघडायचं म्हणून घड्याळ बघत असतो.

महिनाअखेर हिशोब: भेटी १३, मंत्र्यांना आमदारांनी प्रत्यक्ष दिलेली पत्रं ६. आणखी चौघांनी "देतो" म्हटलं. त्या चौघांकडे मिळून २२ फोन झाले. शेवटी कळलं की पत्राचा मसुदा आपण टाइप करून पेनड्राइव्हवर नेला की त्याच दिवशी लेटरहेडवर निघतो. न्यायला कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक चूक लिहून ठेवते. सहापैकी तीन पत्रांची पोच आमच्याकडे नव्हती. पत्र गेलं एवढंच माहीत, आवक क्रमांक नाही. आवक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे न दिलेलं पत्र, काकांचं म्हणणं. परत जाऊन, ऑफिसातून प्रत घेऊन, टपालात देऊन शिक्का आणला. दोन सोमवार.

१५ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता. त्याआधीच्या आठवड्यांत जीआरचा पाऊस पडला, त्यात आमचा नव्हता. मी रोज रात्री साइट बघायचे, बदलापूर येईपर्यंत.

आणि हो, मार्चमध्ये लिहिलं होतं कॅलेंडर बघायचं. निवडणूक नोव्हेंबरच्या आसपास होणार हे सगळ्या राज्याला माहीत होतं. आम्ही नीट भेटी सुरू केल्या त्या सप्टेंबरमध्ये.

२३ नोव्हेंबर

निकाल. शीट उघडली आणि २२ मतदारसंघांपुढे नावं तपासली. पत्र दिलेल्या सहापैकी दोघं परत आले नाहीत. एका ठिकाणी सगळं ऑफिसच बदललं, पीए पण, जागा पण. विधानसभा नवी म्हणजे जुन्या सभागृहात दिलेले प्रश्न वगैरे बाद, पहिल्यापासून.

एकच गोष्ट वाचली. विधान परिषद विसर्जित होत नाही, तिथे सदस्य सहा वर्षांचा असतो. ऑगस्टमध्ये आम्ही परिषदेच्या एका सदस्यांना भेटलो होतो, खरं तर वाटेत ऑफिस लागलं म्हणून, कोणाला त्यात फार आशा नव्हती. निवडणुकीनंतर पहिला फोन उचलला तो त्यांच्याच ऑफिसने, आणि फाईल त्यांच्याकडे होती. निवडणुकीच्या वर्षात काम सुरू करत असाल तर परिषदेपासून करा.

१३ जानेवारी २०२५

दीड महिना कोणी काही केलं नाही. ग्रुपवर संक्रांतीचे तिळगूळ आणि गुड मॉर्निंग. खरं म्हणजे मीच थकले होते. ८३ चे ६१ झालेत, काहींनी नोकरी सोडली, एक जण आता मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे, बी.लिब. झालेला.

परत सुरू करताना बदल केले. मुंबईभर एक ग्रुप ठेवण्याऐवजी प्रत्येक मतदारसंघाला एक माणूस, त्याच्याकडे एकच आमदार, एकच पीएचा नंबर, आणि महिन्यातून एक फोन. फोन केला की शीटमध्ये तारीख. तारीख नसेल तर मी त्याला फोन करणार. मोठं आंदोलन वगैरे काही नाही, फोनची वही म्हणा. आझाद मैदानात बसायचा प्रस्ताव दोनदा आला, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिथे बसायला रजा लागते, आमच्यातल्या बहुतेकांचा एक दिवसाचा खाडा म्हणजे जेवणातलं काहीतरी कमी. यावर ग्रुपमध्ये भांडण झालं, दोघं सोडून गेले, ते म्हणतात मी मऊ आहे. असेन.

मार्च २०२५, अधिवेशनातली एक रात्र

बजेट अधिवेशन ३ मार्चपासून. या वेळी वेळेत होतो. विभागांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा होते त्यात बोलायला एका आमदारांना मुद्दे दिले होते, जानेवारीतच. पीएने सांगितलं आज नंबर लागेल. ग्रुपवरचे ३० जण यूट्यूबवर थेट प्रक्षेपण लावून बसले. सभागृह रात्रीपर्यंत चाललं. मी जेवण करून, भांडी घासून, मोबाइल ओट्यावर टेकवून बघत होते. अकराच्या सुमाराला ते उभे राहिले, पाच मिनिटं मिळाली, चार मिनिटं त्यांच्या भागातल्या कॉलेजच्या इमारतीवर गेली, मग घंटा वाजली आणि घाईघाईत म्हणाले, "तसेच ग्रंथालयांचे अनुदान वाढवावे."

झालं. वेतन वेगळं करा हा सगळा मुद्दाच गेला. ग्रुपवर टाळ्या वाजत होत्या आणि मी ओट्याशी उभी.

चूक त्यांची नाही. आमच्या कागदावर पहिली ओळ "ग्रंथालयांचे अनुदान अपुरे आहे" अशी होती, खरी मागणी सहाव्या ओळीत. घाईत माणूस पहिली ओळ वाचतो. आता कागदाची पहिली ओळ, मोठ्या टाइपात: ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे वेतन अनुदान वेगळे करा. एवढंच वाचलं तरी चालेल अशी.

२१ एप्रिल

माहिती अधिकारात अर्ज टाकला. आमदारांच्या सहा पत्रांवर काय कार्यवाही झाली, आवक क्रमांक आणि तारखांसकट. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अर्जात "का नाही केलं" असं विचारायचं नाही, फक्त "कोणत्या टेबलावर आहे आणि टिपणीची प्रत द्या". हे पण काकांचंच. मी का विचारलं होतं, लाल पेन.

१८ जुलै, शुक्रवार

पावसाळी अधिवेशनाचा शेवटचा दिवस. परिषदेच्या सदस्यांनी आज दुपारी पाच मिनिटं देतो म्हटलं होतं, विधानभवनातच, पास काढून ठेवणार होते. मी, माहीमच्या ताई आणि काका. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, रिटायर झाल्यावर पहिल्यांदा त्या बाजूला चालले होते. सीएसएमटीवरून शेअर टॅक्सी, २५ वाचकांची नवी पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत कारण पाऊस.

काल लॉबीत कार्यकर्त्यांची मारामारी झाली होती ते बातम्यांत बघितलं होतं, पण त्याचा आपल्याशी संबंध लागेल असं डोक्यात आलं नाही. आज अध्यक्षांनी जाहीर केलं की यापुढे अधिवेशनात सदस्य, त्यांचे पीए आणि सरकारी अधिकारी एवढ्यांनाच प्रवेश. आम्ही गेटवर. पीए बाहेर आला, छत्री नव्हती त्याच्याकडे, पत्रं घेतली आणि पिशवीसकट आत नेली. काका गेटवरच्या पोलिसाला सांगत होते की मी या भागात ३२ वर्षं नोकरी केलीय. तो हो काका, हो काका म्हणत होता.

परतीचा खर्च धरून २४० रुपये. एकूण खर्च आतापर्यंत ११,८०० च्या आसपास, वर्गणीतून ७,४००, बाकी माझे.

२४ जुलै

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. ३० दिवसांत यायला हवं होतं, तीन महिने लागले, मध्ये अपील करावं लागलं. सहा पत्रांपैकी पाचांपुढे "दप्तरी दाखल", म्हणजे फाईल बंद. सहावं, परिषदेच्या सदस्यांचं, त्यापुढे लिहिलंय की "खालील कार्यालयाचे अभिप्राय मागविण्यात आले आहेत".

ग्रुपवर टाकलं तर सगळ्यांनी रडके चेहरे. मी कागद घेऊन पेपरच्या टेबलाशी गेले. काकांनी पट्टी बाजूला ठेवली, चष्मा बदलला, पाच ओळी बोटाने सोडून दिल्या आणि सहावीखाली लाल रेघ मारली. म्हणाले, ही जिवंत आहे. अभिप्राय कोणी द्यायचाय, त्या टेबलाचं नाव काढून आणा, आणि त्याला लागणारा तक्ता आपणच करून द्या, नाहीतर तो वर्षभर करणार नाही.

तक्त्यासाठी वाचनालयांकडून पाच वर्षांची पगारपत्रकं मागवतेय, आजपर्यंत ४७ पैकी ११ आली. सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं, तेव्हा टेबलाचं नाव विचारायला जाते.